अर्ध्या इंचाचा पाना

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळी दोन भाकरी टाकल्या, वांगं भाजून ठेवलं. दहाच्या सुमारास नात आली. तिनं गाडी घेतली आहे, ती दाखवायला. मला पुढच्या सीटवर बसवून मारेगावच्या फाट्यापर्यंत नेलं. तिथून परत निघताना गाडी दोनदा नुसती टकटक करून गप्प बसली, तिसऱ्यांदा सुरू झाली. जेवल्यावर ती मैत्रिणीकडे पायीच गेली. गाडी दारासमोर उभी आहे, चावी माझ्याकडे.

अब्बा, गाडी जपानी आहे. नवीन नाही, आठ वर्षं कुणीतरी वापरलेली. मी म्हटलं, अगं, दुसऱ्याची जुनी कशाला घेतलीस? तर ती हसायला लागली. म्हणाली, "आजी, जपानी आहे. आठ वर्षं म्हणजे तिचं अजून जावळ निघायचंय." तुम्ही असता तर काय केलं असतं, तेच दिवसभर मनात येत राहिलं.

आपल्या घरात जपानी माल म्हणजे शिवी होती. वणीच्या जत्रेतून तुम्ही मला चावीचा पत्र्याचा बेडूक आणला होता. दुपारी त्यानं चुलीपासून उंबऱ्यापर्यंत उड्या मारल्या आणि दिवेलागणीला त्याची चावी तुमच्या हातात आली. "जपानी माल, बेटा. सांजपर्यंतच असते त्याचं," तुम्ही म्हणालात. पुढं कुणाचा जावई नोकरीत टिकला नाही की अम्मीही म्हणायची, जपानी दिसते. लढाईनंतरचे दिवस होते. बाजारात येणारी पेनं, शिट्ट्या, खेळणी तशीच होती, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

आणे जाऊन नवे पैसे आल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी प्राथमिक शाळेत लागून वर्षही झालं नव्हतं. शेर, मण, इंच मागं टाकून किलो आणि मीटर शिकवायचे होते आणि ते आधी मलाच शिकावे लागत होते. माझ्याजवळ एक लाकडी पट्टी होती, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. रात्री चुलीपुढं बसून मी कधी हा डबा मोजायची, कधी तो पाट. तुम्ही हात धुता धुता विचारायचे, "काय बाई, आज आपलं घर लहान झालं का मोठं?"

आपल्या अंगणातल्या तुमच्या गॅरेजची एक रीत होती. गाडीला पाना लावायच्या आधी आतलं सगळं सामान काढायचं, कापडात गाठ मारायची आणि गिऱ्हाईकाच्या हाती द्यायची. डबा असो, पावसाळी कोट असो, पडलेली सुई का असेना. "लोखंड आपल्या हवाली, बाकी त्याचं त्याच्या हवाली," असं तुम्ही म्हणायचे. गाठोडं बांधायचं काम आधी अम्मीचं होतं, तिचे गुडघे धरल्यावर ते माझ्याकडे आलं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. झरीच्या जंगलात जमिनीखालचा दगड तपासायला जी मंडळी आली होती, त्यांची जीपसारखी उंच गाडी अंगणात येऊन उभी राहिली. तुमच्याभोवती नेहमीचे चार-सहा लोक होते. चालक नागपूरकडचा, बोलका.

"चाचा, पाणी टिकून नाही राह्यलं. दर दहा मैलाले पाजा लागते."

तुम्ही बॉनेट उघडलं. "कुठची हाय?"

"जपानची."

"मंग पाणीच पिईन ना. पेट्रोल कायले पिईन?"

सगळे हसले. चालकाला ते लागलं असावं. तो म्हणाला, "हसू नका. साहेब सांगत होते, ह्या गाडीवाल्यांचा धंदा आधी मागाचा होता, कापडाचे माग. एक धागा तुटला का माग आपोआप थांबे. खराब कापड विणतच नव्हता."

"हे बरं हाय," तुम्ही म्हणालात. "कापूस आमचा, माग त्यांचा, अन् थांबली गाडी!"

मग काय, अंगणात हसण्याचा नुसता गोंधळ. मी ओट्यावर सामान काढून ठेवत होते. कोट, टॉर्च, जेवणाचा डबा, एका बाईचा फोटो. चालकाच्या सीटखाली जाड कापडाची एक गुंडाळी होती. मी ती सोडून पाहिली. आत पाने होते, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेले. तुमच्या फळीवरच्या पान्यांवर अर्धा, सात सोळांश, नऊ सोळांश असे अपूर्णांक असायचे. ह्यांच्यावर सरळ आकडे होते. दहा, बारा, चौदा, सतरा. माझ्या पट्टीची दुसरी कड मला ओळखू आली.

मी उठून तुमच्याजवळ आले आणि हळूच म्हटलं, "अब्बा, ह्या गाडीची मापं वेगळी असतील. मिलिमीटरची." तुम्ही मान वर न करता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हो का बाई? मंग तू घे पाना, मी जातो शाळेत नवे पैसे शिकवाले." पुन्हा सगळे हसले. चालकही हसला.

तुमच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी ओट्यावर परत गेले, गुंडाळी पुन्हा गुंडाळली, कोटात ठेवली, गाठ मारली आणि गाठोडं चालकाच्या हातात दिलं. गुंडाळीबद्दल एक शब्द बोलले नाही. रीतच होती ती, म्हणून कुणाला त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं. चालक गाठोडं घेऊन बसनं झरीला गेला, दोन दिवसांनी येतो म्हणून.

मी तुरीची डाळ निवडत बसले आहे. बाहेर पाण्याच्या पंपाच्या बोल्टवर तुम्ही अर्ध्या इंचाचा पाना लावता. पाना घसरतो तेव्हा एक ओरखड्यासारखा आवाज येतो. मी तो ऐकते, आणि थोड्या वेळानं पुन्हा ऐकते. उठून चार पावलं जायची आहेत, आणि मी डाळीतले खडे वेचते आहे. दुपारी तुम्ही जेवायला आलात तेव्हा बोटांची सालं निघाली होती. तीन बोल्ट गोल झाले होते, चौथा छिन्नीनं तोडावा लागला होता. "लोखंड नाही हाय ते," तुम्ही म्हणालात, "गूळ हाय गूळ." मी तुमच्या बोटांना हळद लावली, आणि तेव्हाही बोलले नाही.

वणीच्या लेथवरून तुम्ही नवे बोल्ट कातून आणले, भोकांना नवे आटे पाडले आणि गाडी चालू करून दिली. तेवढ्यावर राहिलं असतं तर हे लिहायला बसलेच नसते. पण तुमचा शब्द कुठं अंगणात राहायचा? तालुक्यात कुणी गाडी घ्यायची म्हटलं की आधी तुमच्याकडे यायचा. मिस्तरीनं हो म्हटलं तर घ्यायची, नाही म्हटलं तर नाही. झरीकडचा लाकडाचा ठेकेदार तसली गाडी कुठून मिळते का पाहत होता. कापसाच्या जिनिंगचे मुनीम विचारून गेले. ढाणकीचे एक बागाईतदार मुद्दाम आले. तुम्ही तिघांनाही तेच सांगितलं, "इंजिन गोड हाय, पण लोखंड कच्चं. घेऊ नका." तिघांनीही घेतली नाही.

पावसाळा सरल्यावर तो चालक परत आला. सगळा पावसाळा गाडी नाल्यांतून, चिखलातून चालली होती. एक दिवस बंद पडली नव्हती.

"मंग आणली कायले?" तुम्ही विचारलं.

तो जरा कचरला. "चाचा, राग नका मानू. सारं घट्ट हाय. तुमचे चार बोल्ट तेवढे ढिले होऊन राह्यले." साहेबांनी मूळ मापाचे बोल्ट मागवून घेतले होते. ते, आणि ती गुंडाळी, त्यानं तुमच्यापुढं ठेवली.

तुम्ही गुंडाळी सोडली. बारा नंबरचा पाना काढला आणि नव्या बोल्टवर ठेवला. मग फळीवरून तुमचा अर्ध्या इंचाचा आणून त्याच बोल्टवर ठेवला आणि हलवून पाहिला. उजेडाकडे धरून पाहिला. पुन्हा बारा नंबरचा. त्या दिवशीही भोवती लोक होते, पण कुणी हसलं नाही. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लोखंड नाही," तुम्ही म्हणालात, "पाना चुकला."

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. "बेटा, तू त्या दिवशी मिलिमीटर म्हणत होतीस. हे पाने दिसले होते का तुले?"

मी म्हटलं, "नाही अब्बा. अंदाजानं म्हटलं."

"मंग ठीक हाय. माहीच नजर कच्ची."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार नव्हता, ईद नव्हती, तरी तुम्ही गॅरेजला कुलूप लावलं. अम्मी म्हणाली, "एवढं काहून? लोक चार दिवसांत विसरतीन." तुम्ही सायकलला हवा भरता भरता म्हणालात, "लोक विसरतीन. पण त्या लोखंडाविरुद्ध मी खोटी साक्ष देल्ली ना." जिनिंगवर सायकलनं गेलात. झरीला लाकडाच्या ट्रकवर बसून. ढाणकीला जाताना दोन बसा बदलल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी आलात. प्रत्येकाला एकच सांगितलंत, गाडी चांगली आहे, माझी नजर कच्ची निघाली. ठेकेदार हसला म्हणे. मिस्तरी म्हातारा झाला, असं विहिरीवर बायका बोलायला लागल्या आणि ते माझ्या कानावर यायचं. नेहमीच्या दोन गाड्या दुसरीकडे जायला लागल्या.

पण त्यानंतरचेच दिवस मला जास्त आठवतात. एका रात्री जेवण झाल्यावर तुम्ही चुलीपुढं मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "आण तुही पट्टी." तुम्हाला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे. मी तुमचं बोट धरून बारीक रेघांवर ठेवलं. एक रेघ म्हणजे एक मिलिमीटर. तुम्ही पट्टी डोळ्याजवळ नेलीत. "एवढंसं? हे त मुंगीचं डोकं हाय. ह्या मुंगीच्या डोक्यासाठी मी तीन गावं फिरलो!" आणि तुम्ही इतके हसलात की अम्मी झोपेतून उठून आली. आठ दिवसांत तुम्ही नट नुसता चिमटीत धरून त्याचं माप सांगायला लागलात. मी पट्टी लावून पाहायची, बरोबर निघायचं. नागपूरहून नवे पाने आणलेत. फळीवर उजवीकडे इंचांचे, लाल रंगाचे. डावीकडे मिलिमीटरचे, निळ्या रंगाचे. तेव्हा हसलेले दुसरे मिस्तरी मग तेच पाने मागायला यायला लागले, आणि तुम्ही पाना देताना त्यांना पट्टीही शिकवायचात. सहा महिन्यांनी ढाणकीचे बागाईतदार आपला ट्रक घेऊन आले. आपल्याकडे मिस्तरी खूप आहेत, म्हणाले, पण स्वतःची चूक सांगायला दोन बसा बदलणारा एकच आहे.

माझ्या लग्नात तुम्ही दागिन्यांच्या डब्यात निळा दहा नंबरचा पाना टाकलात. सासूबाईंनी डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "सासरी काही ढिलं झालं त कसत जा." तो पाना माझ्याजवळ आहे. निळा रंग दांडीच्या खाचेत तेवढा राहिलाय.

आज जेवताना नात फोनवर वाचून सांगत होती. तिची गाडी बनवणाऱ्या लोकांनी सुरुवातीला अमेरिकेत गाडी विकायला नेली, ती तिथल्या लांब सडकांवर दमली, चढावर धापा टाकू लागली. त्यांनी विकणं थांबवलं, दुसरी गाडी बनवली आणि परत गेले. "आणि आजी, आधी ते काय बनवायचे माहितीये?" मी म्हटलं, माग. एक धागा तुटला की थांबणारे. ती घास हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिली. तुला कसं माहीत, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या पणजोबांच्या अंगणात ऐकलं.

अब्बा, पाने मला दिसले होते. मी ते माझ्या हातानं गाठोड्यात बांधले. तुम्ही हसलात म्हणून. रीत होती म्हणून बांधले, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, पण रीत सामान परत द्यायची होती, गप्प बसायची नव्हती. नजर तुमची कच्ची नव्हती. आपल्या घरी आलेली पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायची. म्हणजे हे जरी तेव्हा लिहिलं असतं, तरी मलाच तुमच्यापुढं बसून मोठ्यानं वाचावं लागलं असतं. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. आता वाटतं, तुम्ही ऐकलं असतं आणि पुन्हा त्या मुंगीच्या डोक्यावरूनच हसला असता.

एवढं लिहून मी बाहेर जाऊन आले. आधी नातीचा गॉगल, पाण्याची बाटली, चार्जरची वायर, सगळं काढून टॉवेलात बांधलं आणि ओट्यावर ठेवलं. मग बॉनेट उघडलं. बॅटरीच्या वायरीची पट्टी हातानंच हलत होती, सकाळची टकटक त्यामुळंच. तिच्या नटवर दहा नंबरचा पाना ठेवला. नीट बसला. अर्धा आटा फिरला आणि पट्टी हलायची थांबली. बॉनेट लावलं. टॉवेलाची गाठ सोडून एकेक वस्तू होती तिथं ठेवली, आणि मोरीत बसून राखेनं हात धुतले.