पुलापलीकडे गेलेले आवाज

प्रिय धाकट्या,

तुझा मेल सोमवारी आला. उत्तर मेलनेच द्यायला हवं होतं, पण तिथे मी चार ओळींत आटोपलं असतं आणि तू त्या चार ओळींचा तुला हवा तो अर्थ काढला असतास. म्हणून कागद घेतला. सावकाश वाच. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते-उतरते आणि प्रत्येक पायरीला नावं ठेवते. तू पूल बांधलास हे तिने खालच्या शिवणकामवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठल्या नदीवर? तर आई म्हणाली, "विचारून सांगते." मी तिला दोनदा समजावलं की हा पूल दोन सोशल नेटवर्कांमधला आहे, इकडे लिहिलेलं तिकडे दिसतं आणि तिकडचं इकडे. ती म्हणाली, "म्हणजे माणसं ये-जा करतातच ना? मग झालं तर." तिचा अभिमान मोडायला माझी जीभ उचलली नाही. बाकी घर जसंच्या तसं आहे. कट्ट्याचा तो जुना संगणक अजून मागच्या खोलीत कपाटाशेजारीच घरघरतो.

तो तिथे का आला ते तुला सांगायला नको, पण सांगते, कारण हल्ली तू ते वेगळंच सांगतोस असं कानावर येतं. तू चौदा वर्षांचा होतास. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणता येईना म्हणून शाळेला दांड्या मारायला लागला होतास. दर बुधवारी मी तुला वाचा-उपचारांना न्यायची, आणि तिथल्या बाकावर तुझ्यासारखेच अडखळणारे चौघे भेटायचे. उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, रोज मोठ्याने बोला, कुणीतरी ऐकणारं असू द्या. तेव्हा मी माझ्या नोकरीच्या शाळेतल्या ग्रंथालयाने काढून टाकलेला संगणक घरी आणला, पुस्तकात बघून बघून सर्व्हर उभा केला आणि तुम्हा पाचजणांसाठी कट्टा सुरू केला. कुणी खऱ्या नावाने यायचं नाही, रोज एक रेकॉर्डिंग टाकायचं, हसायचं नाही, आणि समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. एवढेच नियम, आणि ऐकणारे आपलेच असतील हा माझा शब्द. तू 'पाणबुडी' हे नाव घेतलंस. मी विचारलं, असं का? तर म्हणालास, "पाणबुडीला बोलावं लागत नाही." वर्षभराने तू पहिल्यांदा फोनवर स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव सांगितलंस, तेव्हा मी त्या खोलीत जाऊन रडले होते. पाचाचे साडेतीनशे झाले. तू शिकलास, निघून गेलास, तुझं बोलणं सुटलं. मी मात्र रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तासभर कट्टा झाडत राहिले. कुणी वेडंवाकडं लिहिलं असेल तर समजावायचं, नाहीच ऐकलं तर बाहेर काढायचं. बावीस वर्षांत सातजणांना काढलं. सातही नावं पाठ आहेत.

मग त्या रविवारी तू आलास. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तीन तास बसलास. म्हणालास, "ताई, इथे साडेतीनशे माणसं, तिकडे लाखो. कुठेतरी एखादा अडखळणारा एकटा बसला असेल. त्याला कट्टा सापडायला नको का?" मला तो चौदा वर्षांचा तू आठवलास. तुला ठाऊकच होतं की मला तोच आठवणार. मी विचारलं, "आणि तिकडचे टवाळ?" तू म्हणालास, "तुझे नियम तुझ्याकडेच राहतील." शब्द न् शब्द खरा होता. माझे नियम माझ्याकडेच राहिले. माणसं तेवढी पलीकडे गेली. कट्ट्यावर मी सूचना लावली, सोमवारपासून आपण मोठ्या नेटवर्कला जोडले जात आहोत, नवे मित्र येतील. आपलं बोलणंही तिकडे ऐकू जाईल, हे मी लिहिलं नाही. कुणाला विचारलंही नाही. तू सांगितलंस आणि मी केलं. माझा दोष मी तुझ्या अंगावर ढकलत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला चांगलंच झालं. चाळीसेक नवे लोक आले. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याने लिहिलं की आपल्यासारखा आवाज त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला. ते मी आईला वाचून दाखवलं. मग खिडकीवाल्याचं झालं. तू त्याला ओळखत नाहीस. सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसणारा माणूस, चाळिशीचा. त्याचं अख्खं काम बोलण्याचं. नाव पुकारायचं, गोळ्या द्यायच्या, कधी घ्यायच्या ते सांगायचं. 'ग' आला की त्याची गाडी अडायची. सहा वर्षं रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी तो कट्ट्यावर सराव करायचा. "दोन गोळ्या, जेवणानंतर." ज्या दिवशी एका दमात जमायचं त्या दिवशी खाली टाळ्यांचा पाऊस पडायचा. पुलापलीकडच्या एका टवाळाने ते रेकॉर्डिंग उचललं, त्याचे तुकडे केले, मागे ठेका टाकला आणि गाणं बनवलं. 'गो-गो-गोळ्या.' चार दिवसांत ते कुठच्या कुठे गेलं. पाचव्या दिवशी खिडकीसमोरच्या रांगेत कुणीतरी ते मोबाइलवर लावलं. रांग हसली. खिडकीवाल्याने हातातली पाकिटं खाली ठेवली, खिडकी ओढून घेतली आणि मागच्या दाराने घरी निघून गेला.

त्याने पोस्ट डिलीट केली. तुझ्या पुलाने तो निरोप पलीकडे इमानाने पोचवला, तिकडची पोस्टही गेली. पण तोवर गाण्याच्या शेकड्याने नकला झाल्या होत्या, आणि नकला ज्याच्या खात्यावर त्याच्या. मी त्या टवाळाला ब्लॉक केलं. मला वाटलं, केलं काहीतरी. नंतर कळलं, माझ्या ब्लॉकने एवढंच झालं की आम्हाला तो दिसेनासा झाला. तिकडे त्याचं मजेत चाललं होतं. पलीकडच्या मॉडरेटरांना तक्रार केली. त्यांचं उत्तर आलं, मूळ आवाज आमच्या सभासदाचा नाही, तो जिथला आहे तिथे तक्रार करा. म्हणजे माझ्याकडे! मी मलाच तक्रार करू? पुन्हा लिहिलं, की आवाज इकडचा असला तरी टिंगल तुमच्याकडची आहे. तर म्हणे, विनोद आमच्या नियमांत बसतो. मग पुलाच्या तक्रारपेटीत लिहिलं. तिथून छापील उत्तर आलं, आम्ही फक्त वाहून नेतो. शेवटी तुला फोन केला. तू म्हणालास, "ताई, पूल काय न्यायाधीश असतो का?" मी म्हटलं, निदान ज्यांना जायचं नाही त्यांना तरी मागे ठेवता आलं असतं. त्यावर तू जरा थांबलास आणि म्हणालास, "तेव्हा तशी सोय नव्हती. एकेक खातं वगळता येत नव्हतं. ती सोय दोन महिन्यांनी आली." मी विश्वास ठेवला. तुझ्या त्या थांबण्याचंसुद्धा मला वाईट वाटलं. वाटलं, बोलताना पुन्हा अडखळायला लागला की काय पोरगा.

मागच्या महिन्यात मी दवाखान्यात गेले. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. खिडकीवाला आता मागच्या गोदामात असतो. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो, स्वतः अर्ज करून घेतलेलं काम. मी ओळख सांगितली तर उठून उभा राहिला, मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. बोलला नाही. मी बोलत राहिले, माफी मागितली, काय काय केलं ते सांगितलं. त्याने एक कोरी चिठ्ठी काढली आणि तिच्यावर लिहिलं, "ऐकणारे आपलेच असतील असं तुम्ही म्हणाला होता." माझ्यापुढे ठेवली आणि पुढचं खोकं ओढलं. त्याची बायको बाहेर फाटकापाशी भेटली, डबा घेऊन आली होती. म्हणाली, घरीसुद्धा तो हातानेच सांगतो. लेकीला अभ्यास विचारायचा, तोही बंद झाला. "सहा वर्षं केलं हो त्यांनी," एवढंच ती म्हणाली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आले आणि ठरवलं, पूल तोडायचा. कसा तोडतात ते माहीत नव्हतं. तुला विचारायची इच्छा नव्हती. दोन रविवार घालून सर्व्हरच्या सगळ्या फायली एकेक करून उघडल्या. त्यातल्या तू घरून तयार करून आणलेल्या एका फायलीत यादी सापडली, पुलावर न्यायची नाहीत अशा खात्यांची. यादी कसली, एकच ओळ. पाणबुडी. शेजारी तारीख. तू लॅपटॉप घेऊन जेवायला बसलास त्याच्या आदल्या दिवसाची, शनिवारची. तुझी दोनशे बारा रेकॉर्डिंगं जिथल्या तिथे आहेत, त्यांतलं एकही पलीकडे गेलेलं नाही. ती तारीख मी कॅलेंडरशी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली. आईने दोनदा हाक मारली. धाकट्या, तू तुझा आवाज झाकलास याचा मला राग नाही. तू सांगितलं असतंस तर मीच माझ्या हाताने झाकला असता. पण तुला सोय माहीत होती. काय होऊ शकतं तेही माहीत होतं, नाहीतर झाकलास कशाला? हे सगळं पोटात ठेवून तू माझ्यासमोर बसलास, आईच्या हातचं दोनदा मागून घेतलंस, आणि मला त्या एकट्या बसलेल्या पोराची गोष्ट सांगितलीस. नंतर फोनवर सोय नव्हती म्हणून सांगितलंस. टवाळाने खिडकीवाल्याचं बोलणं घालवलं, पण अडखळणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक तरी नव्हतं. तू तर अडखळणाऱ्यांच्याच बाकावर बसलेला.

आणि आता तुझा हा मेल. तुला त्या मोठ्या सभेत पुलावर भाषण करायचं आहे, आणि कट्ट्यावरच्या कुणाचा तरी दोन मिनिटांचा आवाज हवा आहे, 'लोकांना भिडतो' म्हणून. नाही देणार. पूल मी गेल्या रविवारी तोडला. तोडायच्या आधी सगळ्यांना कट्ट्यावर एकत्र बोलावलं आणि सगळं सांगितलं, मी न विचारता जोडलं ते, खिडकीवाल्याचं, आणि त्या यादीचं. यादीत एक खातं होतं एवढंच सांगितलं. ते कुणाचं, हे प्रत्येकाने विचारलं. ज्याला एक शब्द काढायला अर्धं मिनिट लागतं त्यानेही विचारलं, आणि त्याचं होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मी म्हटलं, आठ दिवस द्या. हे पत्र त्यासाठी आहे. पोचेपर्यंत तीन दिवस जातील, उरतील दोन. रविवारी सकाळी दहाला सगळे जमतील. खिडकीवालाही येणार आहे, नुसता ऐकायला. तुझं खातं मी चालू ठेवलं आहे, पासवर्ड तोच आहे. ये, आणि पाणबुडी म्हणजे कोण ते तूच सांग. सव्वादहापर्यंत मी वाट बघेन, मग मी सांगेन. बोलताना अडखळलास तर घाबरू नकोस. कट्ट्यावर अजून कुणी हसत नाही.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई