साक्षीदार नळीचा आकडा

प्रिय मायक्रो,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून खिशात टाकलं आणि मग संध्याकाळपर्यंत उघडायची हिंमत झाली नाही. वीस तारखेला प्रबंध द्यायचा आहे, चौथं प्रकरण, म्हणजे तुझी नवी पद्धत, तू काढून टाकलंयस, आणि आभाराच्या पानावर मला घातलंयस. ‘जो माझ्या बाजूने उभा राहिला आणि त्यापायी कॉलेजला मुकला.’ हे वाचलं आणि मी मागच्या गोदामात जाऊन डब्यांच्या आड बसलो. मामाला वाटलं पोट बिघडलंय. त्याने ओवा आणून दिला. मी खाल्ला.

हो, मी मामाच्या रंगाच्या दुकानात आहे. दिवसभर छटांचं कार्ड बघून रंग मिसळायचे. मामाची एक सवय आहे. रंग तयार झाला की त्यातलाच एक ठिपका तो झाकणावर लावतो. मागच्या महिन्यात एक बाई डबा परत घेऊन आल्या, रंग जुळत नाही म्हणाल्या. मी नेहमीसारखा भडकलो, तुमची भिंतच ओली असेल म्हणालो. मामाने झाकण उजेडात नेलं, ठिपका कार्डाशेजारी धरला, छटा वेगळी दिसली तसा दुसरा डबा करून दिला. त्या गेल्यावर मला म्हणाला, ठिपका आपली बाजू घ्यायला लावलेला नसतो रे. दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. राग त्याचा नव्हता. मला आपली साक्षीदार नळी आठवली होती.

आठवतं, मी पहिल्यांदा प्रयोगशाळेत आलो तेव्हा तू मला काय शिकवलंस? डीएनएवर मेथिलच्या बारीक खुणा असतात. बायसल्फाइटच्या द्रावणात ठेवलं की बिनखुणेचं अक्षर बदलतं, खुणेचं तसंच राहतं. जे टिकलं ती खूण. पण रसायन शिळं असेल तर बिनखुणेची अक्षरंही टिकतात आणि नसलेल्या खुणा दिसायला लागतात. म्हणून प्रत्येक खेपेला एका नळीत मुळात खुणाच नसलेला डीएनए. ती साक्षीदार. तिच्यात खुणा दिसल्या तर अख्खी खेप फेकायची, रडायचं नाही. जुन्या पद्धतीत सोळा तास लागायचे आणि निम्म्याहून जास्त डीएनए तुटून जायचा. तू ते सव्वा तासावर आणलंस, तेही मोहरीएवढ्या नमुन्यातून, म्हणून मी तुझं नाव मायक्रो ठेवलं आणि माझ्या भडकण्यावरून तू माझं स्टोव्ह. सगळे तुला ताई म्हणायचे. मी कधीच म्हटलं नाही, अगदी सुरुवातीलाही ‘ऐका ना’ म्हणून वेळ मारून नेली. का, ते तुला कळलं असणार. कळलं नसेल तर आता कळून काही उपयोग नाही.

त्या गुरुवारी यंत्र दुरुस्त करणारा आला होता. चारला आपण चहाला जाणार होतो आणि तू त्याच्याबरोबर हसत निघून गेलीस. तू त्याला सुटा भाग लवकर पाठवायला पटवत होतीस, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त डोकं फिरलं. बायसल्फाइटचं द्रावण नुकतंच कालवलं होतं. बाटली खिडकीपाशी उन्हात, झाकण उघडं, तशीच टाकून मी दार आपटून गेलो. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, ताज्या द्रावणात आज रुग्णालयाचे नमुने लाव. ताजं करायला दोन तास, आणि कालचं का वाया गेलं ते सांगावं लागलं असतं. मी कालचंच वापरलं.

पुढचं तुला माहीत आहे, निदान तुला तसं वाटतंय. निरोगी माणसांच्या नमुन्यांतही आजाऱ्यांसारख्या खुणाच खुणा. तुझे गाइड सर वही बघून म्हणाले, साक्षीदार स्वच्छ आहे म्हणजे रसायन ठीक आहे, खोट पद्धतीतच आहे. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, यानं काही घोळ घातला नसेल कशावरून? तू खुर्चीवरून उठलीस आणि म्हणालीस, “सर, तो तापट आहे, पण खोटा नाही.” मी तिथे उभा होतो. मला ते सहन झालं नाही, म्हणून मी ओरडायला लागलो. सरांना नाही नाही ते बोललो, ओळखपत्र टेबलावर फेकलं, निघून आलो. सगळ्यांना वाटलं तुझ्यासाठी भांडलो. बाबांनाही तेच वाटतं, चारचौघांत ते अजून थोड्या अभिमानाने सांगतात. मी कुणालाच थांबवलं नाही. पळून जायला दार हवं होतं, ते मी आपटून उघडलं, एवढंच.

सोबत घडी घातलेला कागद आहे. यंत्रातून निघालेला त्या दिवसाचा मूळ कागद, वर्षभर माझ्या पाकिटात होता. साक्षीदार नळीपुढचा आकडा वाच. एकवीस टक्के. तुझ्या वहीत शून्य पूर्णांक चार आहे, तो आदल्या आठवड्याचा, मी उतरवलेला. पद्धत तुझी चोख आहे, मायक्रो. फ्रीझरच्या तिसऱ्या कप्प्यात उरलेले नमुने असतील. जुन्या पद्धतीला ते पुरत नाहीत म्हणून सरांनी बाजूला ठेवायला सांगितलं होतं. तुझ्या पद्धतीला पुरतील. द्रावण स्वतः कालव, कुणावर सोपवू नकोस. हा कागद सरांना दाखव, माझं नाव घेऊन. त्यांना मी वेगळं लिहिलंय, ते आजच टपालात पडेल. चौथं प्रकरण परत घाल, आणि आभाराच्या पानावरची ती ओळ वीस तारखेच्या आत खोड. बाकी काही मागत नाही. उत्तरही नको.

तुझाच म्हणायचं होतं, तेवढं राहू दे,
स्टोव्ह