सासूबद्दल एक तक्रार

पावस,
१३ मे २०२४

तीर्थरूप आईंना,
अक्षयाचा नमस्कार. आंब्याची शेवटची काढणी चालू आहे, गड्यांना जेवण वेळेवर आहे, तेव्हा घराची काळजी नको. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि मला अर्धं बोलता येत नाही, म्हणून लिहिते. चष्मा लावून स्वतः वाचा. लेकीकडून वाचून घेऊ नका, योगिनीताईंच्या डोळ्यांना लगेच धार लागते.

तुम्ही दिलेल्या पासावर रत्नागिरीला कलाकारांच्या भेटीचा कार्यक्रम बघून आले. मालिकेतली आपली दुष्ट सासू, सुमेधाबाई, अगदी हातभर अंतरावर! प्रत्यक्षात किती गोड बाई. पण लोक ऐकतात होय? शेजारच्या चिमाकाकूंनी फोटो काढता काढता तिला धरलंच. "काय गो बाय, त्या पोरीला उपाशी ठेवतेस, तुला घास कसा जातो?" ती बिचारी हात जोडून म्हणाली, "काकू, आता नाही ठेवणार."

माझ्या बाजूच्या खुर्चीवर कोण होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी मोहोरावर तुडतुडे पडले तेव्हा कृषी खात्यातून आलेले मुकुल. मालिकेतलं एक माणूस त्यांना ओळखता येईना. मी विचारलं, मग आलात कशाला? तर कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, "पास तुमच्या सासूबाईंनी दिला. आपण दोघांनी बोलावं, पटलं तर लग्न करावं, अशी त्यांची इच्छा आहे. मला लपवता येत नाही." ऐन आंब्यात तुम्ही संगमेश्वरला लेकीकडे निघालात, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

खरं सांगू? राग आला. वाटलं, तुमचा दर्शन गेला, आता मीही तुम्हाला नकोशी झाले.

तेवढ्यात खेळ सुरू झाला. सासूबद्दल एक तक्रार सांगा नि पैठणी मिळवा. माईक माझ्यापाशी आला आणि मला एक तक्रार सापडेना. दर्शनचं वर्ष व्हायच्या आत तुम्ही माझ्या हातात बांगड्या भरल्यात, चार बायकांसमोर कुंकू लावलंत. पोटचा मुलगा तुमचा गेला, आणि पहिला घास मला भरवलात. तोंडातून एवढंच निघालं, "माझी सासू माझं दुसरं लग्न लावायला निघालीय, आणि स्वतः एकटी राहायला." सुमेधाबाईंनी माझा हात धरला. "अशी सासू मला कुणी लिहूनच देत नाही हो," म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले.

पैठणी मात्र माशाच्या तुकड्या मोजून वाढणाऱ्या सासूच्या सुनेला मिळाली!

येत्या रविवारी मुकुल जेवायला येत आहेत. तुम्ही शनिवारीच या. त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही, ते आधी तुम्हाला कळावं. दर्शनचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहू दे. दर आंब्याला मी तो बघायला येईन, लेकी माहेरी येतात तशी. आई, फार केलंत माझ्यासाठी.

या वेळी मुकाट्याने तुमचं ऐकणारी,
अक्षया