बिननावाची प्रार्थना

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नोकरी लागली! वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, आणि तीही चक्क चर्चमध्ये. माझ्या आईला वर हसू आवरत नसेल. नगरला तिनं मला दर रविवारी कानाला धरून भक्तीला नेलं, आणि बाविसाव्या वर्षी मी जो निसटलो तो फक्त लग्नांच्या जेवणाला परत गेलो. वर्तमानपत्रातलं माझं विनोदी सदर बंद झाल्यापासून घरात बसून भिंतींना टोमणे मारत होतो. आता विठ्ठलवाडीला डेपोसमोर खोली, खाली झणझणीत मिसळ आणि रिक्षानं दहा मिनिटांवर ऑफिस. आणखी काय पाहिजे?

ऑफिस उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात. पूर्वी इथे सोफ्यांचं शोरूम होतं, आता पवित्र आत्म्याचं आहे. एसी, जांभळे दिवे, धूर सोडायचं यंत्र. क्रूसही आहे, पण काचेचा आणि इतका मॉडर्न, की कुणी ओला टॉवेल वाळत घातला तर दोष देता येणार नाही. पास्टर सुयोग चाळिशीचे. पांढरे बूट, त्याहून पांढरे दात. मोरिवलीच्या पत्र्याच्या शेडमधून त्यांनी मंडळी इथे आणली. मी त्यांच्या प्रार्थना लिहायच्या, आणि त्या प्रार्थनांनी जे बरे होतात त्यांनी स्टेजवर द्यायच्या साक्षी.

रविवार, १२ जानेवारी

साक्ष कधी लिहितात हे आज कळलं. माणूस बरा होण्याच्या दोन दिवस आधी! मी बारा ओळींचा एक साचा केलाय: ‘मला फार त्रास होता. कुणाला सांगता येत नव्हतं. आता काही दुखत नाही...’ अंबरनाथच्या एका कंबरदुखीवाल्यानं तो स्टेजवर झकास वाचला, टाळ्या घेतल्या आणि पडद्यामागे येऊन कण्हत स्टुलावर बसला. त्याला पाणी मीच दिलं.

शेवटच्या रांगेत रखमाबाई भेटल्या. बेलवलीला राहतात, सत्तरीच्या, डोक्यावर पदर. शेडमध्ये त्या आजाऱ्यांवर हात ठेवायच्या तेव्हा माणसं खरंच उठायची, असं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग ते सामर्थ्य गेलं कधी, असं मी विचारलं. म्हणाल्या, आधी उपास सुटले, मग पापं कबूल करणं सुटलं, मग एकमेकांच्या घरी जाणं. नेमकं कधी गेलं ते कळलंच नाही बघा, गाण्याचा आवाजच एवढा होता.

मंगळवार, २१ जानेवारी

आज ऐतिहासिक संपादन केलं. पास्टरांचं म्हणणं, येशूचं नाव आलं की प्रक्षेपण बघणारे अर्धे प्रेक्षक चॅनल बदलतात, शेजारचे दुकानदार कुरकुरतात, हॉलचा मालक भुवया उंचावतो. मला म्हणाले, सर, आपण सगळ्यांचे आहोत ना, मग एकाच नावाचा हट्ट कशाला? ‘परम शक्ती’ टाका, ती कुणालाच लागत नाही.

प्रत्येक प्रार्थना ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ अशी संपत होती. त्रेचाळीस प्रार्थनांतून कॉम्प्युटरवर ते नाव उडवायला मला चार मिनिटंही लागली नाहीत. दोन हजार वर्षांत छळ करणाऱ्यांना जमलं नाही ते मी चहा निवायच्या आत केलं.

हे कळल्यावर रखमाबाई ऑफिसात येऊन भडकल्या. नाव न घालता हाक मारली तर ‘ओ’ कोण देईल याचा नेम आहे का, असं सगळ्यांसमोर विचारलं. पास्टरांनी गोड हसून त्यांना घरी आराम करायला सांगितलं. म्हणजे हाकललं. वाक्य मात्र छान होतं. कधीतरी वापरीन.

रविवार, २६ जानेवारी

गंमत झाली. की नाही झाली?

मोरिवलीच्या कारखान्यातला नाथा आला होता, गुडघ्यानं बेजार. पास्टरांनी नवी, बिननावाची प्रार्थना म्हटली. शेवटी लोकांनी ‘आमेन’ म्हणायचं असतं. त्याऐवजी सगळा हॉल एका तोंडानं ‘हो’ म्हणाला. कुणी शिकवलं नव्हतं, आणि नंतर कुणाला आठवतही नव्हतं.

आणि नाथा उठला. स्टेजभर पळाला! मग माईक घेऊन त्यानं साक्ष दिली. माझीच. बाराही ओळी, अक्षरन् अक्षर.

त्याला द्यायचा कागद अजून माझ्या खिशात होता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

परवा सातजण बरे झाले. सातही जणांची साक्ष एकच. पास्टर हवेत आहेत. म्हणतात, बघा, नाव अडत होतं.

मी आज मोरिवलीला नाथाच्या घरी गेलो. तो दारात उभा होता. त्याच्या बायकोनं, बनूबाईंनी सांगितलं की त्या रविवारपासून तो तसाच उभा राहतो. गुडघा दुखत नाही, पण वाकतही नाही. मी हाक मारली. तो हसून म्हणाला, मला फार त्रास होता, कुणाला सांगता येत नव्हतं, आता काही दुखत नाही. बारावी ओळ संपली की पहिलीपासून. बनूबाई म्हणाल्या, आधी हा मेला रोज शिव्या घालायचा मला, आता त्या शिव्यांसाठी जीव तुटतो.

मी बारा ओळी लिहिल्या होत्या. त्याच्याकडे आता तेवढंच बोलणं उरलंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

बारवीकडच्या एका पाड्यावरून बाळी आली, नऊ वर्षांच्या मीनाला घेऊन. मीनाला फिट येतात. पोरगी म्हणजे रेडिओ. बस कंडक्टरची नक्कल केली, पास्टरांचे बूट दुधानं धुतात का विचारलं, आणि मला म्हणाली की केस नुसते पुढूनच काळे का केलेत, रंग सरला का? पुष्कळ दिवसांनी कुणीतरी मला टोमणा मारला.

पास्टरांनी तिला पुढच्या रविवारी स्टेजवरच्या खुर्चीत बसवून बरं करायचं ठरवलंय. थेट प्रक्षेपण आहे. साक्ष तयार ठेवा म्हणाले.

लिहिली तर तिच्याजवळ बाराच ओळी राहतील. नाही लिहिली तर — तेवढ्याही नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पास्टरांना सांगितलं की ते नाव परत घाला. ते हसले. त्यात काय, आत्ता म्हणून दाखवतो. तोंड उघडलं. ‘परम शक्ती’ म्हणाले. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नुसते दात दिसले. मग त्यांनी कॉफी मागवली आणि विषय दिव्यांवर नेला. 

मी खोलीवर येऊन टाइप करून पाहिलं. कर्सर दोन अक्षरांएवढा पुढे जातो. जागा कोरी.

या वहीत मागच्या पानांवर ते नाव आहे, मीच लिहिलेलं. दिसतं. त्याच्याखाली पुन्हा गिरवायला गेलो — पेन टेकत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बेलवलीला गेलो. रखमाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ते नाव सहज घेतलं, शेजाऱ्याचं घ्यावं तसं. खोलीतली हवा हलकी झाली. मी त्यांच्यामागून म्हणायला गेलो. जीभ टाळूला चिकटली.

म्हणाल्या, मास्तर, विकलं तुम्ही सगळ्यांनी, आता उधार मिळायचं नाही. पण रविवारी येते. आत नाही सोडलं तर मागच्या पायरीवर बसेन. पोरीला माझ्यापर्यंत आणा म्हणजे झालं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाड्यावर जाऊन आलो. बाळीला सांगितलं, येऊ नकोस. ती म्हणाली, तुमच्याच पास्टरचा फोटोवाला कागद बारवीच्या नाक्यावर लावलाय, आन तुमीच नको म्हनता? डॉक्टरकडं दोन वर्सं घातली, साहेब. ती येणार. काय समजावू — ज्यानं समजावलं असतं ते नावच —

मी निघताना मीना म्हणाली, रंग आणलाय का?

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी पावणेअकरा

पडद्यामागे बसून लिहितोय. बरे झालेले सातजण आणि नाथा, असे आठजण दारांशी उभे आहेत. बसत नाहीत. रखमाबाईंना पुढून घेतलं नाही. मागच्या पायरीवर आहेत.

साक्ष लिहिली नाही. कागद कोरा.

अकरा दहा

प्रार्थना चालू झाली. मीनाचा हात धरून तिला मागच्या दारानं काढलं, बाळीलाही. रखमाबाईंनी पोरीला पदराखाली घेतलं. त्या नाव घेतायत — मला ऐकू येतंय — दोन अक्षरं —

पोरगी विचारतेय, आजी, एवढ्या जोरात का? बोलतेय. अजून बोलतेय.

अकरा पंधरा

खुर्ची रिकामी. आठहीजण वळलेत. मागच्या दाराकडे. खुर्चीत कुणी नसलं तर ते तिला आणायला —

पास्टर मलाच खुणावतायत. दात.

ठीक. चार मिनिटांचं काम माझंच होतं.

बसलो. वही मांडीवर. डोक्यावर हात. शेवटाला आले — आता इथे ते नाव यायचं — मी म्हणतो — प्रभू — च्या ना —

हॉल म्हणाला, हो.

मी नगरचा. आईचं नाव — माझं —

मला फार त्रास होता. कुणाला सांगता येत नव्हतं. आता काही दुखत ना