पालखीचा मान

तीर्थरूप आबांस,

वीरधवलचा पाया पडून नमस्कार. बाप्तिस्मा घेतला म्हणून पाया पडायचं सोडलेलं न्हाई, हे आईला वाचून दाखवा.

मी बरा हाय. चौकीवर थंडी लय, पर जेवण चांगलं मिळतंय. मोबाईलला रेंज न्हाई म्हणून कागद लिवतोय. तुमचा गुडघा कोरेगावच्या डॉक्टरला दाखवला का?

जत्रेला सुट्टी मंजूर झालीया. पर आवं आबा, यंदा पालखीला खांदा मी देणार न्हाई. आपल्या घराचा तो मान चुलत्याच्या ऋषिराजदादाला द्या. भावकी तुमाला बोलंल, ठावं हाय मला. पर फौजी हुकूम एकाचाच मानतो, हे तुमीच शिकवलंय. मी येशूचा मानलाय. आई-बापाला मान द्यायचा, हाबी त्याचाच हुकूम हाय.

मागं फोनवर आई रडली. "तू तरशील रं, मग आमी कुठं जायचं?" म्हणाली. त्याचं उत्तर आता सांगतो. ज्यानं मला तारलं, त्याच्याम्होरं मी रोज आधी तुमा दोघांची नावं घेतो, मग माझं.

पालखी आपल्या दारात टेकली की खांदेकऱ्यांचे पाय आई धुती. यंदा तिला बसू द्या, ते काम मी करीन. बाप्या माणूस पाय धुतोय म्हणून गाव हसंल, तर हसू द्या. माझ्या प्रभूनं शिष्यांचे पाय सोताच्या हातानं धुतले हुते.

तेवढं दार उघडं ठेवा.

तुमचाच,
वीरू