मीटर आणि तुमचा टेस्ट लॅम्प

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

मी ठीक आहे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होतं. आईला म्हणावं, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

सर्किटचा विषय हळूहळू डोक्यात शिरतोय. जोडावर जेवढा करंट येतो तेवढाच पुढे जातो, इतकं पक्कं झालंय. गणितं मात्र अर्धीच सुटतात आणि परीक्षा सोमवारी आहे. होईल म्हणा.

काल प्रयोगशाळेत थोडा गोंधळ झाला. करंट मोजायचा होता. तुम्ही टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी दोन तारांना लावून दिवा पेटतो का बघता, तसाच मी मीटर लावला. खरं तर करंट मोजताना तार मध्येच सोडवून तिथे मीटर बसवायचा असतो. फट्कन आवाज झाला आणि मीटरचा फ्यूज उडाला. मला काही झालं नाही, हात शाबूत आहेत.

सरांनी विचारलं, "असं जोडायला कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

तुमचा गुडघा कसा आहे? शिडीवर चढता तेव्हा मी नसताना खाली धरायला कोणी असतं का?

सर रागावलेही नाहीत, पण ते "कोणी नाही" म्हणणं खोटं होतं. उद्या जाऊन त्यांना सांगणार आहे, माझे बाबा वायरमन आहेत, आणि त्यांनी बरोबरच शिकवलं होतं. त्यांच्या हातात दिवा असायचा, माझ्या हातात मीटर होता, एवढंच मी पाहिलं नाही.

तुमची शिडी धरणारी,
चिमी