पिवळ्या पेटीची जप्ती

४ मार्च

ति. ताईस सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही, माफ कर. रस्त्याची भरणी पक्की बसली का ते तपासायचं आमचं यंत्र माझ्या गाडीतून चोरीला गेलं. सूटकेसएवढी पिवळी पेटी, वर तीन पात्यांची धोक्याची खूण, आत किरणोत्सारी कांडी. बंद आहे तोवर भीती नाही. कुणी फोडली तर मात्र खैर नाही. पोलिसांत तक्रार दिली. ऑफिसातले साहेब म्हणाले, पेटी मिळेपर्यंत घरी बसा. काळजी चोराच्या जिवाची करावी, पण आधी नोकरीची वाटते, याची लाज वाटते. भाऊजींना सांगू नकोस, चिडवतील.

माया आहेच, राहू दे.
तुझा गोट्या

५ मार्च

चि. गोट्यास अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझं पत्र नाही. कुठल्या तोंडानं लिहिशील म्हणा! ह्यांची पिवळी सूटकेस दोन वर्षं दाबून बसलास. परवा हे तिकडे दातांच्या डॉक्टरकडे आले होते. रस्त्याच्या कडेला तुझी गाडी, मागे सूटकेस, तीही साखळीनं बांधलेली! मेहुण्याची ही हिंमत, म्हणत ह्यांनी समोरच्या गॅरेजातून कटर मागून आणला आणि आपला माल बसनं घरी आणला. वर पंख्याचं चित्र कशाला चिकटवलंस? आत विटा भरल्यास का? ह्यांचे खांदे भरून आलेत. शनिवारी कुलूपवाला बोलावलाय. मी उद्या लेकीकडे जाते आहे, तिथेच लिही.

रागावले तरी तुझीच,
ताई

८ मार्च, शनिवार

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्याच स्वयंपाकघरातून लिहितोय. पत्र वाचून फोन केला, तर भाऊजी उचलेनात. मी सूटकेस परत मागेन अशी शंका! आलो तेव्हा कुलूपवाल्यानं हातोडी उगारली होती आणि भाऊजी पेटीवर पाय ठेवून त्याला शिकवत होते. माझ्या ओरडण्यानं तो हत्यारं टाकून पळाला. पेटी शाबूत आहे, मीटरनं तपासली. आत काय आहे ते कळल्यापासून भाऊजी अंघोळीवर अंघोळ करतायत. त्यांची सूटकेस माझ्या माळ्यावर आहे, हे ऐकून वर मलाच झापलं.

पेटी मिळाली एवढंच साहेबांना कळवलंय. भाऊजी म्हणतात, झुडपात सापडली म्हण. नोकरी वाचेल, घरची अब्रूही. मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण पोलीस त्या गॅरेजवाल्याला रोज ठाण्यात बसवतायत. गाल सुजलेले एक सज्जन कटर मागून घेऊन गेले, असं तो सांगतो. कुणाला पटत नाही. मला लगेच पटलं.

भाऊजी शेवटी ठाण्यात खरं सांगायला तयार झालेत, फक्त तक्रारीत ‘चोर’ खोडून ‘थोरले जावई’ लिहायचं म्हणतात. माझ्यावर रागावलीस तरी अबोला धरू नकोस.

तुझा गोट्या

उद्याचं काम: भाऊजींना ठाण्यात नेणे.